फेरी तिळभांडेश्वर गल्लीतून सुरू करावी

लंडनमधील हेरपटांच्या चित्रीकरणस्थळांच्या पायी फेरीचे वर्णन वाचून नाशिकमध्ये अशा फेरीत दाखवण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते त्याच लंडनचा एक धागा थेट आपल्या तिळभांडेश्वर गल्लीतील अभिनव भारत मंदिरापर्यंत, म्हणजे सावरकरांच्या ‘अभिनव भारत’ या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या स्मारकापर्यंत येतो. लंडनमधील ज्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर ब्रिटिश पोलिसांची पाळत होती, तेथीलच स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने सावरकरांनी धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले १९०९ साली पेटीच्या चोरकप्प्यात, खोट्या तळाखाली दडवून मुंबईत उतरवली. (पडद्यावरची चमचमती उपकरणे यापुढे अगदीच पोरकट वाटतात.) त्यांपैकीच एका पिस्तुलाने तरुण क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढचा तपास, खटले आणि फितुरीचा भाग मात्र वाटाड्याने रंगवून सांगू नये. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे नाट्यगृहापाशी उभे राहून साध्या शब्दांत सांगितले तरी पुरेसे आहे. गल्ल्या अरुंद असल्याने फेरी सकाळी लवकर काढणे सोयीचे होईल.