अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांविषयी

अँटीऑक्सिडंटच्या, म्हणजे मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांच्या, गोळ्यांची शिफारस करणारा एक प्रतिसाद वाचला. मुक्त मूलकांमुळे (शरीरात तयार होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे) पेशींची हानी होते हे त्यातले म्हणणे खरे आहे, आणि डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५६ साली मांडलेला वार्धक्याचा सिद्धान्तही त्यावरच उभा आहे. परंतु ‘म्हणून अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी म्हातारपण लांबणीवर पडते’ हा त्यातला निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या निपाणी भागात, जिथे तंबाखूची वखार आणि विडी दोन्ही अंगवळणी पडलेली आहेत, ‘विडी सुटत नाही, निदान गोळी तरी घेतो’ असे म्हणणारे औषधाच्या दुकानात हमखास भेटतात, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरातही असणारे एक अँटीऑक्सिडंट) गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले.

शिवाय हीच मूलके अल्प प्रमाणात असताना पेशीला स्वतःची संरक्षक विकरे (एन्झाइम) वाढवण्याचा इशारा देतात, त्यामुळे त्यांना सरसकट शत्रू ठरवणे घाईचे होते. २००९ मधील एका प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई या अँटीऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेतलेल्या तरुणांमध्ये, व्यायामाने इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दिसलीच नाही. ताटातल्या गाजराला अर्थातच माझी हरकत नाही.