मदत हवी आहे: गॅस अ‍ॅनालायझरवर आधी ‘फ्लो लो’, मग ‘सिग्नल लो’

नमस्कार मंडळी,

बॉयलरच्या चिमणीवरच्या अ‍ॅनालायझरने चार दिवस झोप उडवली आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रोकेमिकल सेलवर मोजला जातो, कार्बन मोनॉक्साइड इन्फ्रारेडवर. सॅम्पलचा मार्ग असा: प्रोब (चिमणीत घातलेली, वायू ओढणारी नळी), गरम लाइन, कूलर, पंप, फिल्टर, रोटामीटर (फ्लो दाखवणारी गोळ्याची नळी) आणि मग अ‍ॅनालायझर. ओलाव्याचा सेन्सर बसवलेला नाही.

सोमवारी पहाटे ‘फ्लो लो’ आला. रोटामीटर ताशी ६० लिटरवरून ३५ वर उतरला होता. फिल्टर ओला निघाला, बदलल्यावर फ्लो आला. दुसऱ्या दिवशी नवा फिल्टरही ओला, शिवाय इन्फ्रारेडचा ‘सिग्नल लो’. वॉर्निंग रिसेट केली की तासाभरात परत. बॉयलरचा लोड तोच, इंधन तेच, तरी ऑक्सिजन ४ टक्क्यांवरून ७ वर गेला आणि कार्बन मोनॉक्साइड १८० पीपीएमवरून १५० च्या आसपास आला.

पंपाचा डायफ्राम उघडून पाहिला, ठीक आहे. कूलर ४ अंश दाखवतो. स्पॅन गॅस (ठाऊक प्रमाणाचा तपासणीचा गॅस) अ‍ॅनालायझरच्या इनलेटला दिला तर दोन्ही आकडे बरोबर येतात. इन्फ्रारेड सोर्स गेला, नवा मागवा, असं मला सांगितलं जातंय. माझं मन मानत नाही. सोर्स गेला तर ऑक्सिजन का वाढावा? दोन वॉर्निंग म्हणजे दोन बिघाड की एकच?

प्रतिसाद

आधी महत्त्वाचं: ऑक्सिजनचा आकडा पाहून कुणी बॉयलरची हवा कमी करत असेल तर आत्ताच थांबवा. आकडा खोटा असेल तर खरा ऑक्सिजन खाली जाईल आणि कार्बन मोनॉक्साइड वाढेल. ट्रिम, म्हणजे ऑक्सिजन पाहून हवा आपोआप कमी-जास्त करणारं नियंत्रण, मॅन्युअलवर घ्या.

आता हिशोब. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. ४ चे ७ व्हायला सॅम्पलमध्ये साधारण १८ टक्के हवा मिसळावी लागते. तेवढ्याच मिसळणीने १८० पीपीएमचे १४८ होतात. तुमचे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात: पंपाच्या अलीकडे, सक्शनच्या बाजूला कुठेतरी हवा ओढली जाते आहे. अ‍ॅनालायझरपाशी दिलेला स्पॅन गॅस त्या गळतीच्या पुढे शिरतो, म्हणून ती त्यात दिसत नाही. तोच गॅस प्रोबपाशी, सॅम्पल पंपाला लागतो त्याहून थोडा जास्त सोडून, जादाचा बाहेर जाऊ देत पाहा. दालनात गॅस साचू देऊ नका.

प्रतिसाद

सोर्सचा संशय फेडायला कोरडा नायट्रोजन थेट अ‍ॅनालायझरला अर्धा तास द्या. सिग्नल हळूहळू चढला तर इन्फ्रारेडच्या सेलमध्ये पाणी आहे. जागचा हलला नाही तर खिडकी मळलेली किंवा सोर्स थकलेला. आणि कूलरमधलं पाणी बाहेर काढणारा, नळी रोलरने दाबत चालणारा पेरिस्टाल्टिक पंप पाहिलात का? तुमच्या यादीत तो कुठेच नाही.

धागाकर्ता

नायट्रोजनवर सिग्नल ६२ टक्क्यांवरून ४० मिनिटांत ८८ वर आला. प्रोबपाशी स्पॅन दिल्यावर कार्बन मोनॉक्साइड जवळपास पाचव्या हिश्शाने कमी दिसला. मग पेरिस्टाल्टिक पंप उघडला. रोलरखालची नळी चिरली होती. पंप फिरताना दिसत होता, म्हणून मी तिकडे वळलोच नव्हतो.

आता सगळं जुळतं. कूलर सॅम्पल पंपाच्या सक्शनवर असल्याने चिरेतून हवा वर ओढली जात होती आणि त्या हवेमुळे पाणी खाली उतरत नव्हतं. तेच पाणी सॅम्पल पंपातून पुढे जाऊन फिल्टर भिजवत होतं, मग सेलपर्यंत पोहोचत होतं. नळी बदलली, फिल्टर बदलला, लाइन कोरडी केली. प्रोबचं तोंड बंद केल्यावर रोटामीटरचा गोळा तळाशी बसतो आहे. ऑक्सिजन ४.१.

सिग्नल मात्र ८८ वरच आहे, पूर्वी ९५ असायचा. सेल उघडून पुसावा का?

प्रतिसाद

घाई करू नका. वॉर्निंग नाही आणि झीरो-स्पॅन बरोबर येतंय, तर रोज झीरो गॅसवर (उदा. कोरडा नायट्रोजन) सिग्नल लिहून ठेवा. घसरत गेला तरच सेल उघडा, आणि खिडकीला कोरडं फडकं मुळीच लावू नका, ओरखडे पडतात. नळीची तारीख पंपाच्या झाकणावरच लिहा.