पर्सेबाया सुराबाया क्लबबद्दल विचारायचंय: एकाच नावाचे दोन क्लब कसे काय, आणि चाहत्यांबद्दल एवढं वाईट कामून बोलतात?

गोदाकाठचा_पोरगा (परभणी)

नमस्कार मंडळी. फुटबॉल मी लई वर्षांपासून बघतो, पण आपलं ते इंग्लंड नाहीतर स्पेन एवढंच. मागल्या काही महिन्यांपासून इंडोनेशियाची लीग बघायलोय आणि त्यातला सुराबायाचा पर्सेबाया क्लब पार डोक्यात बसलाय. पूर्ण स्टेडियम हिरवंगार, पब्लिक नव्वद मिनिटं उभी, गाणे चालूच, टीम हरायली तरी गाणे थांबंनात. असं मी कुठंच बघितलं नाही, खरं सांगतो.

पण आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणला की हे तेच दंगेखोर, ह्यांच्यामुळंच तिकडं स्टेडियममधी १३५ माणसं मेली. दुसरा म्हणला क्लबवर मधी काही वर्षं बंदी होती आणि तेव्हा पर्सेबाया नावाच्या दोन टीम होत्या. आता एका नावाच्या दोन टीम एका गावात कशा असतील? नेटवर शोधलं तर सगळं तुकड्या-तुकड्यात भेटायलंय आणि भाषांतर करून वाचलं की काहीच टोटल लागंना. इथं कुणी हा क्लब आधीपासून फॉलो करतंय का? सुरुवातीपासून सांगितलं तरी चालंल, मी वाचतो सगळं.

नांदेडचा_डिफेंडर

लई बरं वाटलं कुणीतरी पर्सेबायाबद्दल विचारलं. लांबतंय बघ, पण वाच.

क्लब सुरू झाला १८ जून १९२७ ला. तेव्हा तिथं डचांचं राज्य. सुराबायात डचांची स्वतःची फुटबॉल संघटना आधीच होती, म्हणून पाइजो आणि पामुजी या दोघांनी तिथल्या लोकांसाठी वेगळी संघटना काढली. आजचं पर्सेबाया हे नाव नंतर आलं. पुढं १९ एप्रिल १९३० ला योग्याकार्ताला जाकार्ता, बांडुंग, सोलो, मादियुन, मागेलांग, योग्याकार्ता आणि सुराबाया अशा सात गावच्या संघटना बसल्या आणि देशाची फुटबॉल संघटना काढली, पीएसएसआय. देश स्वतंत्र व्हायच्या १५ वर्षं आधी. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे, कारण ज्या संघटनेच्या पायात पर्सेबायाची वीट आहे तिनंच पुढं पर्सेबायाला बाहेर काढलं.

दुसरं म्हणजे हा क्लब कुण्या एका शेठनं काढलेला नाही. गावातले छोटे-छोटे क्लब मिळून हा मोठा क्लब. जिल्ह्यातल्या सगळ्या तालमींनी मिळून जिल्ह्याचा एक संघ पाठवावा तसं समज. हे गावातले क्लब आपसात वेगळी स्पर्धा खेळायचे, त्यातून पोरं वर यायची. २०१७ ला जावा पोस ह्या पेपरच्या ग्रुपनं ७० टक्के शेअर घेतले तरी ३० टक्के ह्या २० क्लबांकडंच राहिले.

जुन्या हौशी स्पर्धेत १९५१, ५२, ७८ आणि ८८ ला चॅम्पियन. १९९४ पासून प्रोफेशनल लीग सुरू झाली, त्यात १९९७ आणि २००४. ती लीग दोनदा जिंकणारा पहिला क्लब हाच. १९९६-९७ च्या सीझनला जॅकसन टियागो नावाच्या ब्राझीलच्या गड्यानं २६ गोल मारले, लीगमधी सगळ्यात जास्त, आणि २००४ ला टीम चॅम्पियन झाली तेव्हा कोच तोच होता. माझ्या डोक्यात पर्सेबाया म्हणलं की पहिल्यांदा हाच माणूस येतो.

आणि ज्या पब्लिकबद्दल तू विचारायलास तिला बोनेक म्हणतात. ८० च्या दशकात जावा पोसनंच बसगाड्या काढून लोकांना फायनलसाठी जाकार्ताला न्यायला सुरुवात केली. सातशेच्या वर किलोमीटर. तेव्हापासून हे लोक टीमच्या मागं कुठंबी जातात. खिशात पैसे असोत नसोत.

इतिहासवाले_सर (छत्रपती संभाजीनगर)

वरच्या भावानं क्लबचं छान सांगितलं. मी त्या शहराबद्दल थोडं लिहितो, कारण शहर कळल्याशिवाय ही पब्लिक कळणार नाही.

पर्सेबायाचं जुनं मैदान तांबाकसारी भागात आहे, त्याचं नाव '१० नोव्हेंबर स्टेडियम'. आता मॅच ज्या मोठ्या स्टेडियमवर होतात त्याचं नाव 'बुंग तोमो'. दोन्ही नावं एकाच लढाईची. ऑगस्ट १९४५ मध्ये इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डच परत यायच्या तयारीत होते आणि त्यांच्या आधी ब्रिटिशांचं सैन्य आलं. सुराबायातल्या पोरांनी एका हॉटेलवरचा डच झेंडा उतरवून त्याची खालची निळी पट्टी फाडली, उरला लाल आणि पांढरा, म्हणजे त्यांचा स्वतःचा झेंडा. ऑक्टोबरच्या शेवटी चकमकी सुरू झाल्या, ३० तारखेला ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी समुद्रातून आणि विमानांतून शहर भाजून काढायला सुरुवात केली. लोक तीन आठवडे लढले. बुंग तोमो हा तरुण रेडिओवरून त्यांना उभं करत होता. आज १० नोव्हेंबर हा इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळतात.

आता आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. ब्रिटिशांनी पहिल्यांदा सुराबायात उतरवली ती ४९ वी इंडियन ब्रिगेड, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन होत्या. म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्या शहराच्या समोर इंग्रजांच्या हुकमानं आपली मराठी माणसं उभी केली गेली, आणि त्यातली कितीतरी तिथंच गेली. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या ताब्यात होता, आपलं १७ सप्टेंबर यायला अजून तीन वर्षं होती. शाळेत मुक्तिसंग्राम शिकवताना मी पोरांना सुराबायाचं सांगतो, पोरं एकदम गप होऊन ऐकतात. त्या पलटणीतल्या कुणाची आठवण कुणाच्या घरात असेल तर इथं जरूर लिहा, असं कुठं फारसं लिहिलेलं सापडत नाही.

लातूरचा_बाब्या

सगळेजण चांगलंच सांगूलालेत म्हणून मी दुसरी बाजू सांगतो. मला बी हा क्लब आवडतो, पण खरं ते खरं.

१९८८. पर्सेबायाचं पुढच्या फेरीत जायचं पक्कं झालेलं होतं. आदल्या वर्षी फायनलमधी समारांगच्या पीएसआयएसनं ह्यांना हरवलेलं, त्याचा राग मनात. मग ह्यांनी काय केलं, घरच्या मैदानावर, आपल्याच लोकांसमोर, पापुआच्या पर्सिपुरा टीमकडून मुद्दाम १२-० नं हरले, का तर पर्सिपुरा वर जावी आणि समारांग बाहेर फेकली जावी. तसंच झालं बी. आणि त्याच वर्षी फायनलला जाकार्ताच्या पर्सिजाला ३-२ हरवून चॅम्पियन झाले. तिकडं अजूनबी अशा ठरवून खेळलेल्या मॅचला 'हत्ती फुटबॉल' म्हणतात. ते विजेतेपद मोजताना हे बी मोजायला पायजे.

आणि बोनेकचं म्हणाल तर बिनतिकीट रेल्वेत घुसणं, डब्याच्या टपावर बसून जाणं, स्टेशनवरच्या टपरीवाल्याचं खाऊन पैसे न देणं, हे वर्षानुवर्षं चाललंय. जानेवारी २०१० मधी बांडुंगच्या मॅचला जाताना सोलोमधी गावातल्या लोकांशी दगडफेक झाली, ती तर देशभर गाजली. टपरीवाला गरीब, पोरं बी गरीब, आणि मार दोघांनीच खाल्ला. चाहत्यांचं कौतुक करताना ह्या लोकांना विसरून कसं चालंल?

नांदेडचा_डिफेंडर

बाब्या, तुझं एकबी वाक्य खोटं नाही. १२-० चं तर समर्थन करताच येत नाही. पण मी ह्या पब्लिकला मानतो ते २०१० ते २०१७ मुळं, आणि परभणीच्या भावाचा दोन टीमचा प्रश्न बी तिथंच सुटतो.

२०१० चा सीझन संपायला आला, पर्सेबायाची शेवटची मॅच पर्सिक केदिरीबरोबर. पर्सिकला घरच्या मैदानावर मॅच घेता आली नाही, तारीख बदलली, जागा बदलली, असं करत करत शेवटी पालेंबांगला, म्हणजे थेट सुमात्रा बेटावर जाऊन खेळा म्हणून पीएसएसआयनं सांगितलं. पर्सेबायानं नाही म्हणलं. मग मॅच हरल्याचं धरलं आणि टीम खालच्या लीगमधी. क्लब चिडून २०११ ला पीएसएसआयला न मानणाऱ्या नव्या लीगमधी गेला. तर इकडं काय झालं, बोर्निओमधल्या कुताई बारात गावचा एक क्लब उचलून सुराबायात आणला, त्याला पर्सेबाया नाव दिलं आणि खालच्या लीगमधी खेळवला. झाले दोन पर्सेबाया! एकाकडं खेळाडूंचा वारसा, गावचे क्लब आणि पब्लिक, दुसऱ्याकडं संघटनेची मान्यता.

२०१३ ला फूट मिटवली, दोन्ही लीग एक करायचं ठरलं, आणि जुन्याला बाहेर ठेवलं. नवावाला २०१४ ला वरच्या लीगमधी खेळायला लागला. हिरवी जर्सी, तेच नाव, तेच गाव, मॅच फुकटात बघायला भेटली असती तरी बोनेक गेले नाहीत. स्टेडियम ओस पडलेलं असायचं. विचार कर, ज्या पोरांना मॅचशिवाय दुसरं काहीच नाही त्यांनी वर्षानुवर्षं मॅच बघणं सोडलं, कारण ती टीम आपली नाही.

ती टीम पुढं नाव बदलत बदलत भायांगकारा झाली, म्हणजे पोलिसांची टीम. इकडं नावाचा आणि लोगोचा वाद कोर्टात गेला, २०१६ ला निकाल जुन्या क्लबच्या बाजूनं लागला. त्याच ऑगस्टमधी हजारो बोनेक जाकार्ताला जाऊन बसले, आमचा क्लब परत घ्या म्हणून. ८ जानेवारी २०१७ ला पीएसएसआयची सभा बांडुंगला होती, तिथंबी हजारोंनी गेले, आणि बांडुंगच्या पर्सिब क्लबच्या चाहत्यांनी त्यांना सांभाळून घेतलं, ह्या दोघांची जुनी दोस्ती आहे. त्या दिवशी पर्सेबायाला परत घेतलं. खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बांडुंगलाच फायनलमधी मेदानच्या पीएसएमएसला जादा वेळेत ३-२ हरवून वर आले. आणि वरची लीग २०१७ ला कुणी जिंकली माहितीय का, भायांगकारानं.

कप त्यांच्याकडं गेला. लोक पर्सेबायाकडं आले. दोन वर्षात, २०१९ ला, टीम लीगमधी दुसरी आली.

गोदाकाठचा_पोरगा (परभणी)

वाचून अंगावर काटा आला. दोन टीमचं आता समजलं. पण ते १३५ माणसांचं काय? त्यात बोनेकचा हात होता का नव्हता? ग्रुपमधी त्या माणसाला उत्तर द्यायचंय.

बीडची_गोलकीपर

हे मी सांगते. मी विद्यापीठाच्या टीमकडून खेळायचे आणि ही बातमी आली तेव्हा कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

१ ऑक्टोबर २०२२, मालांगजवळचं कांजुरुहान स्टेडियम, आरेमा विरुद्ध पर्सेबाया. ह्या दोन क्लबांचं वैर एवढं जुनं की पर्सेबायाच्या चाहत्यांना त्या मॅचचं तिकीटच दिलेलं नव्हतं. स्टेडियममध्ये बोनेक नव्हतेच. तुमच्या ग्रुपवाल्याला एवढं एकच वाक्य पाठवा.

पर्सेबाया ३-२ जिंकलं. आरेमाच्या घरी जाऊन जिंकायला त्यांना २३ वर्षं लागली होती. मॅच संपल्यावर आरेमाचे काही चाहते मैदानात उतरले, गर्दी वाढत गेली, आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला, नुसता मैदानात नाही तर प्रेक्षक बसले होते तिकडंसुद्धा. फिफाचा नियम आहे की स्टेडियमच्या आत असला गॅस वापरायचाच नाही. माणसं डोळे चोळत, खोकत गेटकडं पळाली, गेट अरुंद, काही पूर्ण उघडलेली नाहीत, आणि तिथंच एकमेकांखाली चिरडून, गुदमरून गेली. १३५. त्यात कितीतरी लहान पोरं होती, आईबापाच्या हाताला धरून मॅचला आलेली. पर्सेबायाच्या खेळाडूंना पोलिसांच्या चिलखती गाडीत घालून बाहेर काढावं लागलं.

नंतर खटले झाले. मॅच भरवणाऱ्यांना आणि एका पोलीस अधिकाऱ्याला वर्ष-दीड वर्षाच्या शिक्षा, दोन पोलीस अधिकारी आधी सुटले, मग २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांची सुटका रद्द केली. एवढ्या जिवांना एवढीच शिक्षा, मला हे आजही पटत नाही. दंगेखोर चाहते म्हणून बोट दाखवलं की गॅस कुणी सोडला, गेट का उघडलं नाही, हे विचारायचं राहून जातं. म्हणूनच मला ती 'ह्यांच्यामुळं मेले' वाली वाक्यं लई लागतात.

लातूरचा_बाब्या

ताईंच्या शब्दाशी शंभर टक्के सहमत. माझी तक्रार टपरीवाल्यापुरती आहे, कांजुरुहानचं खापर बोनेकवर फोडणं चूकच.

गोदाकाठचा_पोरगा (परभणी)

सगळ्यांचे लई आभार. ग्रुपमधी ताईंचं उत्तर जसंच्या तसं टाकतो. एक शेवटचं, मॅचच्या टायमाचं गणित जमंना, तिकडचा टाइम आपल्यापेक्षा किती पुढं?

नांदेडचा_डिफेंडर

सुराबाया आपल्यापेक्षा दीड तास पुढं. तिकडं संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडं साडेपाच. मकासार किंवा बालीची मॅच असली की तिथला टाइम अजून एक तास पुढं असतो, तेवढं बघून घे. आरेमाबरोबरची मॅच कधी आहे ते शेड्यूल आलं की इथंच टाकतो, आणि सर, तुम्ही मराठा पलटणीवर वेगळा धागा काढाच.