स्ट्रोकची गुठळी काढताना: आधीच श्वासनलिकेत नळी टाकावी, की रुग्णाला जागं ठेवावं?

भूलतज्ज्ञ_नाशिक:
मेंदूच्या पुढच्या भागातली मोठी धमनी बंद, थ्रॉम्बेक्टॉमी (कॅथेटरने गुठळी काढणं) ठरलेली, श्वास ठीक, पण रुग्ण तळमळतोय. माझं मत: सुरुवातीलाच पूर्ण भूल द्या. सगळ्यात वाईट इंट्युबेशन (नळी टाकणं) मध्येच करावं लागतं ते. डोक्यावर सी-आर्म (एक्स-रे यंत्र), अंगावर चादरी, कॅथेटर मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि त्यात उलटी. हायडेलबर्गच्या सिएस्टा चाचणीत (२०१६) सिडेशनच्या (फक्त गुंगी दिलेल्या) ७७ पैकी ११ जणांना अशी मध्येच भूल द्यावी लागली.

न्यूरो_इंटरव्हेन्शन:
म्हणजे ६६ जणांना नळी लागलीच नाही! त्याच चाचणीत न्यूमोनिया भूल दिलेल्यांत १३.७ टक्के, सिडेशनमध्ये ३.९. नळी काढायला उशीर झाला ४९.३ टक्के, विरुद्ध ६.५. शिवाय प्रोपोफॉल (भुलीचं औषध) दिलं की रक्तदाब कोसळतो, आणि धोक्यातला मेंदू तर कोलॅटरलच्या (पर्यायी रक्तवाहिन्यांच्या) दाबावरच तग धरून असतो. रात्री भूलतज्ज्ञ घरून येईपर्यंत पंक्चर (धमनीत सुई टाकणं) थांबवायचं का? जागा रुग्ण हात हलवून दाखवतो. अचानक डोकं दुखतंय म्हणाला, तर धमनी फाटल्याची शंका लगेच येते.

भूलतज्ज्ञ_नाशिक:
न्यूमोनियाचे आकडे मान्य, पण तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे त्याच चाचणीत भूल गटात ३७ टक्के होते, सिडेशनमध्ये १८.२. हा मुख्य निकष नव्हता. मुख्य निकषात, म्हणजे २४ तासांनंतरच्या एनआयएचएसएसमध्ये (स्ट्रोकच्या तीव्रतेच्या गुणांमध्ये), फरक आढळला नाही. म्हणून त्यावर फार जोर देत नाही.
दाब कोसळतो तो तयारी नसते म्हणून. नॉरअॅड्रेनॅलिन (दाब वाढवणारं औषध) आधीच पंपावर जोडा, प्रोपोफॉल कमी आणि हळू द्या, रोक्युरोनियम (स्नायू सैल करणारं औषध) किलोला १.२ मिग्रॅ. सिस्टोलिक १४० ते १८० मध्ये ठेवा. आर्टरी लाइनसाठी (धमनीतून सतत दाब मोजणाऱ्या नळीसाठी) वेळ घालवू नका. शीथ (धमनीत कॅथेटरसाठी बसवायची नळी) बसेपर्यंत कफ दर मिनिटाला, मग शीथच्या बाजूच्या नळीवर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा). आणि घाईत बॅग जोरात दाबणं टाळा: कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या धमन्या आकसतात. ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) ३५ ते ४० हवा.

आयसीयू_मॅडम:
दोघांचं भांडण एका गटापुरतंच आहे. बॅसिलर (मेंदूच्या मागच्या भागातली मोठी धमनी) बंद, जीसीएस (शुद्धीचे गुण) ८ किंवा कमी, सतत उलट्या, लाळ गिळता येत नाही: इथे वाद नाही, नळी टाका. जुना अर्धांगवायू असेल तर सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं दुसरं औषध) नको, पोटॅशियम एकदम चढतं. सिएस्टा पुढच्याच रक्ताभिसरणाची होती आणि एकाच केंद्रातली. ती टीम रोज हेच करते. तिचे आकडे अनुभव नसलेल्या कॅथलॅबला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

न्यूरो_इंटरव्हेन्शन:
मॅडम, बॅसिलरबद्दल मान्य. बाकीच्यांत मी जागंच ठेवणार, पण तयारीनिशी: नाकाच्या कॅन्युलावर कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद), सक्शन चालू, लॅरिंगोस्कोप (नळी टाकायचं उपकरण) डोक्याशी, लांब सर्किट आधीच जोडलेलं. अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) दिलं असेल तर नाकातून एअरवे घालू नका, रक्तस्राव थांबत नाही. तळमळ दिसली की मिडाझोलाम (गुंगीचं औषध) वाढवायच्या आधी मूत्राशय तपासा. ते भरलेलं असतं आणि वाचा गेलेला रुग्ण सांगू शकत नाही. तरीही हललाच, तर कॅथेटर आधी मागे घ्या, मगच भूल.