‘उद्या सांगते’: एक रात्र मध्ये जाऊ दिल्याचे अनुभव

दहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नात्यातले एक जण पतसंस्थेच्या कर्जाचे कागद घेऊन आमच्याकडे आले. दुसरा जामीनदार हवा होता. "वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे." कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, माझे हात कणकेचे होते. फडक्याला पुसले आणि त्यांनी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेले. पाच सह्या. एका पानावर पिठाचा ठसा उमटला, तो त्यांनी फुंकर मारून उडवला.

दोन वर्षांत हप्ते थकले आणि वसुली दाखला निघाला, त्यात माझंही नाव. तेव्हा वकिलांनी समजावलं. करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, 1872 च्या करार कायद्याचं 128 वं कलम. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. पुढची सव्वातीन वर्षं माझ्या पगारातून कपात झाली. लेकीच्या इंजिनिअरिंगची तीच वर्षं.

पैशांचं दुःख ओसरलं. बोच राहिली ती दुसरीच. मला खरंच जामीन राहायचंय का, हे त्या संध्याकाळी मी स्वतःला विचारलंच नव्हतं. माणूस समोर बसलाय आणि नाही म्हणवत नाही, एवढंच कारण होतं. त्या भिडेला मी आयुष्यभर चांगुलपणा समजत आले होते.

तेव्हापासून सही, पैसा आणि शब्द, या तिन्हींना माझं उत्तर एकच: "उद्या सांगते." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्या रात्री कागद दोनदा वाचते, ह्यांच्याशी बोलते. हे पैसे बुडाले तर या माणसाशी मी पूर्वीसारखी बोलेन का, असं मनाला विचारते. बोलेन असं वाटलं तर जामीन न राहता जमतील तेवढे पैसे सरळ हातात ठेवते.

तुम्ही कधी अशी रात्र मध्ये जाऊ दिलीत का? थांबल्याने काय झालं, न थांबल्याने काय झालं, दोन्ही लिहा.

द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

माझी रात्र फेब्रुवारीतली. मण्यात पाणी उतरलेलं, चार दिवसांवर खुडा, लोकलच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं. तेवढ्यात ढगाळ हवा आली आणि भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसायला लागली. दुकानदाराने एक औषध दिलं, "मारून टाका, दोन दिवसांत साफ." डब्यावर फवारणी ते काढणी 21 दिवसांचं अंतर लिहिलेलं. मी ते दाखवलं, तर म्हणाला, "लोकलच्या मालाचं सँपल कोण काढतंय?"

खरं होतं त्याचं. एक्स्पोर्टच्या बागेचा नमुना लॅबला जातो, औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला तर माल अडतो. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली, तेव्हापासून डब्यावरचे दिवस मोजायची धास्ती आम्हा सगळ्यांना बसली. पण ती एक्स्पोर्टपुरती.

टाकी भरायची सकाळवर ढकलली. रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलो. घडावरची पांढरी भुकटी बोटाने पुसली की खाली करड्या रंगाची जाळी दिसायची. एकेका ओळीत किती घड गेलेत ते मोजत फिरलो. डोक्यात एकच घोळत होतं: युरोपातल्या पोरासाठी 21 दिवस थांबायचं आणि नाशिकच्या पोरासाठी चार? आमची धाकटी तर वेलीवरूनच तोडून खाते.

ते औषध परत केलं. जैविक औषधावर भागवलं, खराब घड बायकोने आणि मी कात्रीने काढले. व्यापाऱ्याने भाव पाडला, सोसायटीचा एक हप्ता त्या साली पुढे गेला. आजही डबा घेताना आधी दिवस वाचतो, मग किंमत.

ठाणे

आईला (वय 71) व्हिडिओ कॉल आला. पोलिसाचा गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. "तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." आई म्हणाली, "मुलगा आला की उद्या सांगते." तो ओरडायला लागला, तशी तिने फोन ठेवून दिला. डिजिटल अरेस्ट नावाची अटक कायद्यात नाहीच. संध्याकाळी आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आई म्हणते, ज्याला उद्यापर्यंत धीर धरवत नाही त्याच्या मनात खोट असते.

लातूर

ठाण्याच्या आईंचं पैशांच्या बाबतीत पटतं. आमच्या घरात मात्र ‘उद्या’नेच घात केला.

बाबांनी नेत्रदान करायचं म्हणून कितीदा सांगितलं होतं. ते रात्री दोनला गेले. मी विषय काढला तर काका म्हणाले, "सगळे जमू देत, सकाळी ठरवू." मी गप्प बसले. सकाळी नऊ वाजता नेत्रपेढीला फोन केला तर तिथल्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं की साधारण सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात.

आईच्या वेळी नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. माणसं घरी आली, वीस मिनिटांत काम झालं. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालेल का, हे मी घाबरत विचारलं. चाललं. चेहरा तिचाच होता, शांत. बाबांचा शब्द मात्र राहिला तो राहिलाच.

कोल्हापूर

पाहुणे उठायच्या आत होकार हवा होता. बाबा म्हणाले, "पोरगीला एक रात्र द्या." जेवणं झाल्यावर मला आठवत गेलं: माझा पगार त्यांनी दोनदा विचारला, काम काय करते ते एकदाही नाही. बाबांनी त्या रात्री माझं मन कुठेच वळवलं नाही. शेजारी बसून शेंगा फोडत राहिले, दाणे माझ्यापुढे सरकवत राहिले. सकाळी मी नाही म्हणाले आणि फोन त्यांनीच केला.

ट्रकचालक, अकोला

तंबाखू ‘उद्यापासून सोडतो’ असं अकरा वर्षं म्हटलं. मग दवाखान्यातल्या सिस्टर बोलल्या, तलप उठली की पाच-दहा मिनिटं निभावून न्या, ती आपोआप उतरते. आता तंबाखूलाच उद्या म्हणतो. तळहात खाजवायला लागला की म्हणतो, आज नाही, उद्या मळू. दोन लवंगा तोंडात टाकतो, खिडकीची काच खाली घेतो, पुढचा टोलनाका येईस्तोवर निभतं. बाळापूरला पोचायच्या घाईत दोनदा चुकलो, परत एकपासून मोजलं. आज 112 वा दिवस आहे. डबी अजून स्टेअरिंगपुढच्या खणात आहे, फेकवत नाही. काल उघडून पाहिली, चुन्याचा खडा झालाय.