सहावा महिना आणि थायरॉईडचा लिम्फोमा: केमो आत्ता की बाळंतपणानंतर? (नाशिक)

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. बायको ३१ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, परवा २३ आठवडे पूर्ण झाले. हाशिमोटोचा (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते, तो आजार) त्रास सात वर्षांपासून. दिवस राहिल्यावर थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवला, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) व्यवस्थित होता. त्यामुळे गळा सुजल्यासारखा दिसला तेव्हा 'थायरॉईडचंच असेल' म्हणून आम्ही सोडून दिलं. त्याची टोचणी अजून जात नाही.

तीन आठवड्यांत गाठ लिंबाएवढी झाली. गळ्यालगतचं मंगळसूत्र रुतायला लागलं म्हणून तिने काढून देव्हाऱ्यात ठेवलंय. आवाज बसलाय, पोळीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरतो. दोन रात्रींपासून आडवी झाली की श्वासाला घरघर लागते, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते.

सुईच्या तपासणीत नक्की काही कळेना. मग जाड सुईने गाठीचा तुकडा काढून कोअर बायोप्सी केली: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. पेट स्कॅन टाळला, डाय न टोचता एमआरआय केला. गाठ मानेपुरतीच दिसतेय.

डॉक्टर म्हणतात, हा झपाट्याने वाढतो, श्वासनलिका दाबली जाईल, तीन-साडेतीन महिने थांबता येणार नाही. बाळाचे अवयव घडण्याचे पहिले तीन महिने उलटलेत, तेव्हा आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोची औषधं एकत्र) आत्ता देता येईल. रेडिएशन लागलंच तर बाळंतपणानंतर. घरी मात्र आई आणि सासूबाई दोघींचं एकच, "आधी बाळ हातात येऊ दे." मामा किरणोत्सर्गी आयोडीनच्या डोसचं सांगतात. पण तो थायरॉईडच्या स्वतःच्या पेशींच्या कॅन्सरला, लिम्फोमाला त्याचा उपयोग नाही, आणि गरोदरपणात तर तो चालतच नाही.

माझं मन डॉक्टरांकडे आहे. तरी पोटात बाळ असताना केमो घेतलेल्या कोणाशी बोलायचंय. आणि केमो परळला टाटाला, बाळंतपण नाशिकला, असं कोणी जमवलंय का? दर तीन आठवड्यांनी कसारा घाट तिला झेपेल का?

प्रतिसाद

दादा, माझ्या बहिणीने पाचव्या महिन्यापासून केमो घेतली, लिम्फोमाच होता. भाचा आता पहिलीत आहे. आईंना हे जरूर सांगा.

बाळंतपण आणि केमो एकाच गावात ठेवा. शेवटची केमो आणि प्रसूती यांत साधारण तीन आठवडे जावे लागतात, म्हणजे दोघांच्या रक्तपेशी सावरतात. त्या तारखा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायच्या असतात. केमो चालू असेपर्यंत अंगावर पाजता येणार नाही. ताईला ते फार लागलं होतं, तेव्हा वहिनींशी आधीच बोलून ठेवा. रिटुक्सिमॅबमुळे बाळाची प्रतिकारशक्ती काही महिने कमी राहू शकते. बीसीजी आणि पोलिओचे थेंब या जिवंत जंतूंच्या लसी जन्मल्यावर लगेच देतात, म्हणून फाइलवर ठळक लिहून घ्या: बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

पण हे सगळं नंतर. ती घरघर दोन रात्रींची म्हणताय, डॉक्टरांना सांगितलीय का? नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच फोन करा आणि वहिनींना घेऊन कॅज्युअल्टीत जा.