टो बॉलवर किती वजन हवं? कॅम्पर ट्रेलर मागे डुलतो, सल्ला हवा

मनसरवळण · शनिवार रात्र

नमस्कार मंडळी. गाडी स्कॉर्पिओ-एन, मागे एका एक्सलचा कॅम्पर ट्रेलर. तो हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. रिकामं वजन ५६० किलो. मागच्या आठवड्यात बायको आणि दोन्ही पोरांना घेऊन पेंचच्या सिल्लारीला निघालो. कामठी, कन्हानपर्यंत काहीच जाणवलं नाही. मनसरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, वेग ७० च्या वर गेला आणि शेजारून एक ट्रक निघून गेला. त्या झोताने ट्रेलर आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, आणि दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. माझ्या हातून ब्रेक दाबला गेला, तर आणखीच वाढलं. शेवटी पाय उचलला तेव्हा कुठे शांत झालं. मागच्या सीटवर पोरं रडत होती. पुढे सिल्लारीपर्यंत ४० च्या वर गेलो नाही.

सामान असं होतं: मागच्या टोकाला किचन, त्याखाली ८० लिटरची पाण्याची टाकी भरलेली, शेजारी इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी, मागच्या दाराला स्टेपनी आणि त्याबाहेर कॅरिअरवर दोन सायकली. पुढच्या पेटीत फक्त दोर आणि खुंट्या. फॅब्रिकेटर म्हणाला होता की सामान जितकं मागे, तितका गाडीवर भार कमी. मला ते पटलं होतं.

टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर, नेमकं किती वजन असावं? आणि नागपुरात ते मोजायचं कुठे?

धुरकरी · रविवार सकाळ

भाऊ, पहिले तर सगळे सुखरूप आहात हे बरं झालं.

मी काटोलकडचा. आमच्या आजोबांची बैलबंडी होती, कापूस भरून काटोलच्या बाजारात जायची. भरताना आजोबा स्वतः उभे राहत. मागे जास्त भरलं की बंडी उलाळ होते: धूर, म्हणजे बंडीची पुढची दांडी, वर उचलली जाते, जू मानेवरून उठतं आणि बैलाचा गळा आवळला जातो. पुढे जास्त भरलं तर सगळा भार बैलाच्या खांद्यावर, दोन कोसांत खांदा सोलून निघतो. आजोबा भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहत. जड लागलं पाहिजे, पण उचललं गेलं पाहिजे. तुमचा ट्रेलर उलाळ भरला होता. बैलाच्या जागी स्कॉर्पिओ, एवढाच फरक.

रानवाट · रविवार सकाळ

काकांनी अगदी बरोबर सांगितलं. आता आकडे देते.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के बॉलवर यायला हवं. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. युरोपात ५ ते ७ टक्क्यांवर भागवतात, पण तिथले ट्रेलर तसेच बांधलेले असतात, जड सामान एक्सलजवळ. आपल्याकडे हाताने बनवलेल्या ट्रेलरसाठी मी १० च्या खाली जाणार नाही.

वरची मर्यादा दोन ठिकाणी पाहा. टो बारच्या (बॉल बसवलेल्या लोखंडी दांड्याच्या) प्लेटवर 'एस' असं लिहून किलोमध्ये आकडा असतो, तो बॉलवर उभा भार किती चालेल याचा. दुसरा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. दोन्हींतला कमी तो खरा. मॅन्युअलमध्ये काही नसेल तर कंपनीकडून लेखी मागवा, शोरूमच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

जास्त भारही वाईटच. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) २७५० मिमी. बॉल मागच्या एक्सलच्या १.१ मीटर मागे आहे असं धरा. बॉलवर ८० किलो ठेवले तर मागच्या चाकांवर ११२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ३२ किलो कमी होतात. म्हणजे स्टिअरिंग हलकं, पुढच्या ब्रेकची पकड कमी, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

एक सांगा, परवाच्या भरल्या अवस्थेत ट्रेलरची दांडी एका हाताने उचलली जात होती का?

मनसरवळण · रविवार दुपार

हो ताई. एका हाताने, सहज. मला वाटलं होतं की बॅलन्स छान जमला आहे.

कळमनाअडत · रविवार संध्याकाळ

मोजण्याचं मी सांगतो. एकूण वजनासाठी धर्मकाटा ठीक. वाडीला आहेत, कळमन्यालाही आहेत. ट्रेलर गाडीपासून सोडवून एकटाच काट्यावर उभा करा. पण बॉलवरच्या वजनासाठी धर्मकाट्यावर जाऊ नका. ट्रकचा काटा १०-१० किलोच्या टप्प्याने बोलतो. ट्रकला ते पुरतं, तुम्हाला नाही.

त्यासाठी अडत्याकडचा प्लॅटफॉर्म काटा चांगला, ज्यावर आम्ही पोती तोलतो. सकाळचा माल उतरल्यावर, अकरानंतर, कोणत्याही ओळखीच्या दुकानात विचारा, कोणी नाही म्हणणार नाही. ट्रेलरचं जॉकी व्हील, म्हणजे दांडीखालचं टेकूचं छोटं चाक, काट्यावर टेकवायचं, झालं.

रानवाट · रविवार संध्याकाळ

दादा, काटा उत्तम सुचवला, मला सुचलाच नसता. फक्त जॉकी व्हीलवर नको. ते कपलरच्या (दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या खोबणीच्या) थोडं मागे, एक्सलच्या बाजूला असतं, त्यामुळे आकडा जास्त दाखवतं. एक्सलपासून कपलर ३ मीटरवर आणि जॉकी व्हील २.७ मीटरवर असेल, तर खरे ७० किलो काट्यावर ७८ दिसतात.

त्याऐवजी असं करा. गाडी भरलेली असताना, माणसं बसवून, बॉलची जमिनीपासून उंची मोजा. त्यातून काट्याची उंची वजा करून तेवढा लाकडी ठोकळा कापा. तो काट्यावर उभा ठेवा, कपलर त्यावर टेकवा, मग जॉकी व्हील वर घ्या. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. ट्रेलर सपाट असायला हवा, नाक वर किंवा खाली असलं की आकडा बदलतो. आणि प्रवासाला निघता तसाच भरून न्या. रिकामा मोजून काही उपयोग नाही. भार शंभरच्या आत असेल तर घरातला वजनकाटाही चालतो.

मनसरवळण · बुधवार रात्र

आज मोजलं. सगळं परवासारखंच भरून नेलं होतं. धर्मकाट्यावर ७३० किलो. प्लॅटफॉर्म काट्यावर कपलरखाली ११ किलो. दोनदा मोजलं, ११ च.

एक्सलपासून अंतरं मीटरमध्ये: कपलर ३, टाकी ०.९ मागे, बॅटरी ०.९ मागे, सायकली १.८ मागे. पुढची पेटी १.२ पुढे. सायकली कॅरिअरसकट ३५ किलो, बॅटरी ५५ किलो.

रानवाट · बुधवार रात्र

दीड टक्का! आता त्या रस्त्यावर काय झालं ते कळतं. असा ट्रेलर सरळ राहतो तो फक्त हळू जाताना.

हिशेब सोपा आहे. वस्तूचं वजन गुणिले एक्सलपासूनचं अंतर, भागिले एक्सल ते कपलर अंतर. वस्तू मागे असेल तर वजा, पुढे असेल तर अधिक. भरलेली टाकी एकटी २४ किलो खाते. सायकली २१ किलो खातात. त्या गाडीच्या छतावर घ्या, आधी छताची मर्यादा पाहून. बॅटरी मागून काढून पुढच्या पेटीत ठेवली की २.१ मीटर सरकली, म्हणजे ३८.५ किलोचा फरक. ११ अधिक २१ अधिक ३८.५ म्हणजे ७०.५. ट्रेलर उरला ६९५ किलोचा. दहा टक्के झाले. एक किलोही नवीन सामान न घालता.

हिंगणाफिटर · गुरुवार सकाळ

मी अशा दांड्या वेल्डिंग करतो, म्हणून दोन शब्द. आकडा दहा टक्के आला म्हणजे काम झालं असं धरू नका राजेहो. मागे ५० किलो आणि पुढे ५० किलो लटकवूनही दहा टक्के जुळवता येतात, पण असा ट्रेलर एकदा डुलायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. लोखंडी पाइप मधोमध धरून फिरवा, मग तोच दोन्ही टोकांना वीट बांधून फिरवा, हाताला कळेल. जड वस्तू खाली आणि एक्सलजवळ. पुढच्या पेटीतून बॉलचा आकडा जुळवायचा तो शेवटी, थोडासाच.

कपलरही तपासा. आपल्याकडे ५० मिमीचे बॉल येतात आणि दोन इंचीही, म्हणजे ५०.८ मिमी. दोन इंची कपलरमध्ये ५० चा बॉल खडखडतो. गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवा पूर्ण लोडची भरा. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, त्यातला मोठा.

आणि परत डुललं तर: ब्रेक नाही, स्टिअरिंग उलटसुलट नाही. सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा.

मनसरवळण · रविवार रात्र

बॅटरी पुढे नेली. त्यासाठी जाड केबल लोहाओळीतून आणली, फ्यूजसकट. सायकली छतावर. काट्यावर ६८ किलो. प्लेटवर 'एस' १०० आहे, गाडीच्या बाजूने अजून लेखी उत्तर यायचं आहे. आज त्याच रस्त्याने एकटाच गेलो, बायको-पोरांना नेलं नाही. मनसरच्या पुढे ६०, मग ७०, मग ८०. तीन ट्रक शेजारून गेले. गाडीला हलका धक्का जाणवला, ट्रेलर जागचा हलला नाही. ८० च्या वर मला जायचंही नाही.

फक्त एक खटकतं. टाकी रिकामी करून परत मोजलं तर ९१ आले. म्हणजे जाताना ६८ आणि पाणी संपवून येताना ९१. डिसेंबरात चिखलदऱ्याला न्यायचा विचार आहे. परतवाड्यानंतरचा घाट, म्हणून विचारतो.

रानवाट · रविवार रात्र

९१ प्लेटच्या मर्यादेत आहे, पण ट्रेलर ६१५ चा उरतो, म्हणजे १५ टक्के. काठावरच. अर्धी टाकी ठेवून जुळवायला जाऊ नका, आत आडवे पत्रे नसतील तर पाणी वळणावर हिंदकळतं. टाकी काढून एक्सलच्या अगदी पुढे, तळाला बसवा. दहा सेंटिमीटरवर असेल तर भरलेली आणि रिकामी यांत तीन किलोचाही फरक पडणार नाही. मग बॉलवर ९०-९५ येतील, तेव्हा बॅटरी पेटीतून काढून एक्सलकडे, अर्ध्या मीटरवर आणा. ८० च्या आसपास थांबेल, आणि फिटर दादांनी सांगितलेलं टोकाचं वजनही जाईल.

हिंगणाफिटर · सोमवार सकाळ

टाकीचे ब्रॅकेट बसवताना चॅसिसला भोक पाडू नका, क्लॅम्प लावा. आणि चिखलदऱ्याआधी ट्रेलरला ब्रेक बसवून घ्या. युरोपात ७५० किलोपर्यंत बिनब्रेकचा चालतो हे खरं, पण उतारावर ७०० किलो मागून ढकलत असतात. टाकी आणाल त्याच दिवशी एक्सल दाखवा, ओव्हररन ब्रेक, म्हणजे ट्रेलर गाडीला ढकलू लागला की आपोआप लागणारा, बसतो का ते पाहून सांगतो.